दोनपाशी नसलेली रेषा

पिंपरी स्टेशनात गाडीची वाट बघत मी कॉलेजचे पेपर तपासत होतो. शेजारी खाकी कपड्यांतला एक फिटर बसला होता. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. त्या थोटक्या बोटानं तो बाकावर सारखा टकटक करत होता आणि माझं डोकं तापत होतं.

एका मुलीनं लिहिलं होतं, या आलेखाला उभी अनंतस्पर्शी रेषा नाही. सूत्र होतं (क्ष² − ४) / (क्ष − २). मी तांबड्या शाईनं भोपळा दिला.

“काय चुकलं?” त्यानं विचारलं.

“दोनला छेद शून्य होतो. म्हणजे आलेख त्या रेषेला न शिवता थेट आभाळात जाणार,” मी खेकसलो.

“गेला का? जवळ जाऊन बघितलं? आमी एकदम मापावर जात न्हाई, केसभर केसभर सरकतो.”

त्याचं तोंड बंद करायला मी २.१ घातले. उत्तर ४.१ आलं. मग २.०१ घातले, तर ४.०१. आभाळ कसलं, आलेख मुकाट चाराकडे चालला होता. दोनला वरचा अंशही शून्यच होत होता. तिथं रेषा नव्हतीच, आलेखातला फक्त एक ठिपका गायब होता. मुलीनं तेच लिहिलं होतं.

“पण छापील उत्तरात रेषा आहे,” मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानं ते अर्धं बोट माझ्या भोपळ्यावर टेकवलं.

“ह्ये माझ्या चुकीनं न्हाई गेलं, मास्तर. साहेब न बघताच म्हणला व्हता, मशीन बंद हाय.”