मामाच्या पोटरीतलं रक्त

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळात मी नागपूरला डॉक्टरी शिकत होतो. दुसऱ्या वर्षाच्या सुटीत सोनाळ्याला मामाकडे गेलो, तेव्हा रक्त कसं गोठतं हे आमच्या सगळ्या गोतात फक्त मलाच ठाऊक होतं.

एका सकाळी मामा बैलांसाठी कडबा तोडत होता. कुऱ्हाड निसटली आणि पोटरीत शिरली. मामीने जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, त्याची घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून बसली. मला काहीच काम उरलं नाही. मग मामाला धीर यावा म्हणून मी सांगू लागलो, की रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या असतात. एरवी त्या गुपचूप वाहत असतात. पण फाटलेल्या शिरेला लागल्या की त्यांचं रूप पालटतं, त्यांना काटे फुटतात, त्या तिथेच चिकटतात आणि अंगातला रस बाहेर टाकून बाकीच्यांना बोलावून घेतात. मग त्या ढिगावर धाग्यांचं जाळं विणलं जातं.

हे सगळं आत्ता आपल्या पायात होतंय का, असं मामाने विचारलं. पाहू या, म्हणत मी घडी उचलली. नुकती धरलेली गुठळी तिच्यासोबत निघून आली आणि धार पुन्हा लागली.

मामीने पुन्हा दाबलं. थोड्या वेळाने, आता तरी जाळं झालं असेल, म्हणून मी परत पाहिलं. परत तेच झालं. मामाचा चेहरा उतरला. तिसऱ्यांदा मी हात पुढे केला, तेव्हा मामीने माझं मनगट धरलं.

"बापू, तुह्या त्या चकत्यायले कामाले बसू दे. काऊन घडीघडी उठवून राह्यला त्यायले?"

मी हात मागे घेतला. चुलीवरची भाकरी करपली, तरी मामी हलली नाही. रक्त थांबलं, तशी तिने त्याच घडीवर पट्टी बांधली.

दुपारी बैलगाडीतून मामाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, रक्त कोणी थांबवलं.

"भाच्यानं," मामा अभिमानाने म्हणाला. "नागपूरले डाक्टरी शिकून राह्यला तो."

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मामी दाराशीच उभी होती. खरं काय ते सांगावं असं मनात आलं, कानही तापले. पण मी मान खाली घातली, आणि तो विनय ठरला.

पुढे सुटीभर गावात कुणाला कापलं की मला बोलावणं येई. मी मामीला सोबत नेई. ती दाबून बसे, मी समजावून सांगे.