दुसऱ्याची टोपली

आमसुलांचा वास तुम्ही कधी डोळे मिटून घेतला आहे? आधी आंबट, मग खारट, आणि अगदी शेवटी, लाजत लाजत आल्यासारखा, वैशाखातल्या उन्हाचा. आमच्या माजघरातली बरणी उघडली की तो बोटांना लागतो आणि दिवसभर सोडत नाही. यंदाची आमसुलं आईने वाळवली. दोन पावसाळे अंथरुणाला खिळलेली माझी आई चैत्रात उठून बसली, वैशाखात अंगणात आली, आणि रातांब्यांची सालं रसात बुडवून उन्हात, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, अशी पुटं देत राहिली. मी ते रोज पाहत होते. पण मला ते दिसत होतं का?

माझे डोळे लागले होते शेजारच्या रूथकडे. आम्ही दोघी इंग्रजी बोर्डिंगातून एकाच वर्षी शिकून परतलो, आणि मुंबईतल्या मुलींच्या शाळेतली शिक्षिकेची एकच जागा दोघींनी मागितली. ती तिला मिळाली. नाताळाआधी ती आगबोटीने जाणार होती. मी तिचं अभिनंदन केलं, तेही शुद्ध इंग्रजीत. परकी भाषा किती सोयीची! तिच्याआड माणसाला सहज लपता येतं. मत्सर आरडाओरडा करत नाही. तो भिंतीत मुरलेल्या ओलीसारखा असतो. वरचा चुना पांढराच दिसतो, हात लावावा तेव्हा गारठा कळतो.

आमच्या किनाऱ्यावरच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत कापणीच्या उपकारस्तुतीची एक रीत आहे. प्रत्येक घराची टोपली उपासनामंदिरात येते, पण आपली टोपली आपण वेदीपाशी न्यायची नाही. ती शेजाऱ्याने उचलायची, आणि त्या घरावर झालेल्या कृपेसाठी सर्वांदेखत देवाचे उपकार मानायचे. ज्या कुणी जुन्या माणसाने ही रीत घातली, त्याला मनुष्याचं अंतःकरण किती जवळून ठाऊक असेल! आपल्या सुखासाठी हात जोडायला काय लागतं?

यंदा पाळकांनी रूथची टोपली माझ्या हाती दिली आणि आमची तिच्या. नवे तांदूळ, पिकलेला भोपळा, वर झेंडूची फुलं. मी टोपली घेऊन उभी राहिले. ओठांवर येत होती ती बोर्डिंगात पाठ केलेली इंग्रजी वाक्यं, गुळगुळीत आणि कोरडी. मागून रूथच्या आत्याबाईंचा आवाज आला, “अगो, टोपली धरलीस ती अशी का? आत इंचू हाय काय?” मंडळी हसली. माझे कान तापले.

“थांब, आधी मी नेते,” रूथ हळूच म्हणाली. तिने आमची टोपली उचलली, आमसुलांवर हात ठेवला.

“देवा, हे काकूंच्या हातचं आहे. काकू बऱ्या झाल्या. माझ्या मैत्रिणीला घरात हाक मारायला आई आहे. त्याबद्दल तुझे उपकार.”

तिने टोपली वेदीपाशी ठेवली, पण आमसुलांवरचा हात काढला नाही. रूथची आई गेल्या वर्षीच्या श्रावणात गेली होती.

आणि मी मोजत काय बसले होते? माझ्या अंगणात रोज उन्हात वाकणारी ती पाठ, तिच्याकडे भिंतीपलीकडून कुणी किती आसुसून पाहिलं असेल! तरीही रूथने माझ्या आईसाठी उपकार मानले. मी पुढे झाले. “देवा, रूथला जागा मिळाली. ती मुलींवर माया करील. तिला तिथे एकटं वाटू देऊ नकोस.” पहिलं वाक्य मी रीत म्हणून बोलले. शेवटचं माझं होतं.

एका पुटाने साल काळी होत नाही, हे मात्र मला आता ठाऊक आहे. आगबोटीचा भोंगा ऐकला की अजूनही आत काहीतरी आंबतं. मग मी माजघरात जाते, बरणी उघडते, डोळे मिटते आणि रूथचं नाव घेऊन पुन्हा उपकार मानते. तेवढ्यात ओटीवरून आईची हाक येते, “अगो, बरणी उघडी टाकू नको, सादळतील ना!”

हल्ली मी पहिल्याच हाकेला ओ देते.