घरी विचारून सांगा

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "गाठ कॅन्सरची आहे, पण लहान आहे. ऑपरेशन दोन प्रकारे होऊ शकतं. घरी विचारून सांगा."

घरी कोणाला विचारू, कपाळ? यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. नरडाण्याच्या घरात मी आणि टीव्ही.

लम्पेक्टॉमी म्हणजे फक्त गाठ आणि तिच्या कडेचा भाग काढायचा. स्तन राहतो, पण नंतर रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार घ्यावे लागतात. मास्टेक्टॉमी म्हणजे अख्खा स्तन काढायचा. मग मला किरणं बहुधा लागणार नव्हती. माझ्यासारख्या गाठीत जगण्याची शक्यता दोन्हीत सारखीच, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

शिरपूरच्या दिरांना फोन केला. म्हणाले, "काढी टाका वहिनी, आते त्यानं काय काम शे?" दीर वाईट नाहीत, ऑपरेशनच्या दिवशी सहीला आलेच. पण असा राग आला! जुना फ्रिज विकायला काढल्यासारखं बोलले.

किरणांना रोज एकटी आले तर चालेल का, डॉक्टरांना विचारलं. चालेल म्हणाले. मग लम्पेक्टॉमीच सांगितली. एकटी असले तरी अंग माझं आहे.

गल्लीत काही बोलले नाही. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला बाया जथ्याने येतात आणि उशाशी बसून कोण कशाने गेलं ते सांगतात. ते नको होतं. पेन्शनच्या कामाला जाते असं सांगून ऑपरेशन उरकलं, मग किरणांसाठी तीन आठवडे धुळ्याची सकाळची एसटी धरली.

तिथे प्रत्येकीजवळ कोणीतरी डबा घेऊन बसलेलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझीच पिशवी. फार एकटं वाटायचं. रडू यायचं, ते येताना एसटीतच उरकून घ्यायचे.

मग बिबड्यांचे दिवस आले. शिजवलेलं ज्वारीचं पीठ ओल्या कापडावर पापडासारखं गरम गरम थापून वाळवायचं, हे काम आम्ही पाळीपाळीने एकमेकींच्या घरी करतो. पाळी चुकवायची सोय नाही. शेजारच्या अक्कांच्या गच्चीवर बसले खरी, पण ऑपरेशनच्या बाजूचा, डावा हात पुढे जाईना. पेन्शन वाढली तशी बाई आळशी झाली, म्हणून बाया चिडवू लागल्या. मी सगळं सांगून टाकलं.

आता मेलेल्यांची यादी सुरू होणार असं वाटलं. पण अक्कांनी पिठाचे हात पुसले.

"इतलं बठ्ठं व्हयनं, नि तू एकलीच गयी व्हती?"

बायांनो, दोन्ही ऑपरेशनं नीट समजून घ्या आणि ठरवा स्वतःच. मला माझ्या निवडीचा पस्तावा नाही. पण किरणांच्या खोलीबाहेर नर्स रोज विचारायची, सोबत कोण आहे? मी रोज सांगायचे, कोणी नाही.

ते खोटं होतं. मी कोणाला बोलावलंच नव्हतं.