गाडीच्या दिवसाचा उपवास

निलंग्याकडच्या गावांत आमची दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा जायची. मी तिच्यावर नर्स होते आणि जीभ फार तिखट होती माझी. कुणाची शुगर वाढलेली दिसली की सगळ्या रांगेसमोर झापायचे, "पुन्हा भात हाणला ना?" बायका माना खाली घालायच्या. धाक असला की पथ्य पाळतील, असं मला वाटायचं.

शेतात मजुरीला जाणाऱ्या एका मावशीची शुगर मात्र दर वेळी आटोक्यात यायची. मी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावायचे. आकडा चांगला, म्हणून डॉक्टरांनी तिची गोळी कधी वाढवली नाही.

मग उसाच्या फडात तिच्या पायात खुंट घुसला. जखम चिघळत गेली आणि शेवटी लातूरला नेऊन पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेले. सुनेनं मला दारातच थांबवलं. "बाई, गाडी यायच्या आदल्या दिसापासून त्या उपाशी ऱ्हायच्या. तुम्ही चारचौघांत वरडता म्हनून. गल्लीतल्या लई जणी तसंच करत्यात. गाडीचा उपास म्हनत्यात त्याला."

मी आत जाऊन खाटेजवळ बसले. मावशीनं गोधडीतून हात काढला आणि बोट माझ्यापुढं धरलं.

"टोचा बाई. तुम्ही येनार कळलं, तवापासून नुसत्या पान्यावर हाय."