कानबाईचे रोट, यॉर्क मुक्कामी

त्या वर्षी आमच्या खानदेशातल्या देवीवरचा, कानबाईवरचा, माझा विश्वास उडाला होता असं म्हणवत नाही, पण तिच्याशी माझा अबोला होता, हे खरं. लग्न होऊन धरणगावला आले तेव्हापासून श्रावणातल्या तिच्या रविवारी मी तिच्यापुढे डोकं टेकवत आले, आणि दोनदा माझी कूस भरता भरता रिकामी झाली. पहिल्या वेळी मी रडले, दुसऱ्या वेळी मात्र रागच आला. नवस तरी किती बोलावेत माणसाने? कानबाईला बोलले, मनुदेवीला बोलले, सप्तशृंगीला बोलले, जळगावच्या दवाखान्यातून परतताना वाटेत दिसेल त्या शेंदरी दगडाला बोलले. मग यांना इंग्लंडात लीड्सच्या एका इस्पितळात डॉक्टरकीची जागा मिळाली. आम्ही तिकडे गेलो आणि तिथे मला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना लागला तरी मी बाळाचं एक टोपडंही विणायला घेतलं नव्हतं. आनंद करायचीच धास्ती बसली होती.

एकोणनव्वद-नव्वदच्या सुमाराची ही गोष्ट. तिथे मला शमीम भेटली. भाजीच्या दुकानात एक सलवार-कमीजवाली बाई वांगी उलटीपालटी करत स्वतःशीच पुटपुटत होती, "ह्यांचं काय भरीत होणार, कर्माचं." मी तिथल्या तिथे तिचा हात धरला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील इंजिन ड्रायव्हर. त्या दिवसापासून आमच्या गप्पांना खंड नव्हता. तापीच्या पुलावरून जाताना गाडीचा बदलणारा आवाज, मे महिन्यात अंगणात टाकलेल्या खाटा, शेवभाजीवर तरंगणारा लाल तवंग, असं काहीबाही आठवत आम्ही दोघी परक्या देशातल्या पावसाळी दुपारी काढायचो. बोलून झालं की दोघींनाही उगाच भूक लागायची.

तिला यॉर्कला जायचं होतं. तिथे जुन्या इंजिनांचं मोठं संग्रहालय आहे, आणि तिच्या अब्बांनी तिला बजावलं होतं म्हणे की राणीचा राजवाडा नाही पाहिलास तरी चालेल, पण इंजिनं बघून ये. तिच्या नवऱ्याला त्यात काडीचा रस नव्हता. ती मला म्हणाली, "घरात बसून तू स्वतःला कुरतडून खातेस. चल, शनिवार-रविवार जाऊन येऊ." यांची दोन्ही दिवस ड्यूटी होती, आणि मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही हिंडाफिरायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी हो म्हटलं, आणि मग लक्षात आलं की तो रविवार कानबाईचा.

फोनवर माझ्या सासूबाईंनी, घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, एवढंच सांगितलं होतं की कानबाई बसवू नकोस, पण रोट मात्र कर. रोट म्हणजे गव्हाच्या जाड, गोड पोळ्या. खानदेशात त्यांचा नेम कडक. ते फक्त घरच्या माणसांनी, भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही, कणही वाया घालवायचा नाही. माझा अबोला होता तरी अक्कांचा शब्द मोडवेना. शनिवारी पहाटे उठून, तोंड वाकडं करतच, मी दुकानी पिठाचे रोट केले आणि रविवारी खायला डब्यात भरून घेतले.

यॉर्क फार देखणं गाव. शनिवार सगळा इंजिनांत गेला. एका काळ्याभोर इंजिनाच्या चाकावर हात ठेवून शमीम कितीतरी वेळ उभी राहिली. कोळशाच्या वासाने मला अब्बांच्या सदऱ्याची आठवण येते, असं म्हणाली आणि नाक पुसू लागली. रविवारी आम्ही जुन्या तटावरून हिंडलो, एका अरुंद गल्लीत गेलो. तिथली वरच्या मजल्यांची घरं समोरासमोर इतकी झुकलेली की दोन्ही बाजूंच्या जावांना खिडकीतूनच भांडता यावं. आम्ही खूप हसलो. कितीतरी महिन्यांनी मी पोट धरून हसत होते. मला वाटलं, होईल या खेपेला सगळं नीट.

गावाच्या मधोमध प्रचंड मोठं प्रार्थनाघर आहे. आत रंगीत काचांतून ऊन फरशीवर उतरलं होतं. थोडं टेकावं म्हणून बाकावर बसले आणि ओटीपोटात कळ आली. आधीच्या दोन्ही वेळची ओळखीची कळ. शमीमला इंग्रजी सुचेना, ती मराठी-हिंदीत "कोई है का, बघा ना हिला" असं काहीतरी बोलत राहिली.

पुढच्या बाकावर एक वृद्ध बाई एकट्याच डोळे मिटून बसल्या होत्या. निळा स्वेटर, पांढरे आखूड केस. त्या उठून आल्या, काहीही न विचारता त्यांनी मला आडवं केलं, गुडघे टेकायच्या तिथल्या उशा माझ्या पायांखाली सरकवल्या, आणि कुणाला तरी अँब्युलन्ससाठी पिटाळलं. मग माझा हात धरला तो सोडलाच नाही. गाडीत माझ्याबरोबर चढल्या. आपण कोण, कुठल्या, असं त्यांनी सांगितलंही असेल, पण भीतीपुढे माझ्या डोक्यात काहीच राहिलं नाही. हात तेवढा आठवतो. कामाने खरखरीत झालेला आणि उबदार.

इस्पितळात नर्स पोटावर यंत्र फिरवून बाळाचे ठोके शोधू लागली. सापडेनात. तिने जागा बदलली, पुन्हा बदलली. एरवी अशा वेळी माझ्या तोंडून नवसांची रांग लागली असती, पण तेव्हा एकही आठवेना. देण्यासारखं, कबूल करण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. मी मनात कानबाईला म्हटलं, बाई, तुझं तू बघ, मी थकले. रागाने नाही म्हटलं. दिवसभर डोक्यावर वागवलेलं ओझं संध्याकाळी अंगणात उतरवून ठेवावं, तसं म्हटलं. त्या बाई माझा हात धरून ओठांतल्या ओठांत त्यांच्या देवाचं काहीतरी म्हणत होत्या. पलीकडे शमीमचेही ओठ हलत होते. आणि यंत्रातून टपटप टपटप आवाज येऊ लागला. शमीम रडत म्हणाली, "मेल पळतेय बघ, फुल स्पीडमध्ये." मी हुंदके देऊन रडले. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण आज इथेच राहा.

जीव भांड्यात पडला तेव्हा कळलं की संध्याकाळ झाली आहे आणि तिघींपैकी कुणीच दुपारी काही खाल्लेलं नाही. रविवार, त्यामुळे इस्पितळातलं खाण्याचं दुकान बंद. पिशवीत रोटांचा डबा होता. मी तो उघडला आणि थबकले. शमीमला सगळं ठाऊक होतं. भुसावळला शेजारचे लोक दिवाळीचा फराळ तिच्या घरी पाठवायचे, पण कानबाईच्या दिवशी जेवताना दार लोटून घ्यायचे, आणि त्यात कुणाला वाईट वाटायचं नाही. ती हळूच म्हणाली, "तू खा. तुझ्या घरचं आहे ते, आम्हाला कसं चालेल?"

मी त्या बाईंकडे पाहिलं. आपलं घरदार, आपला रविवार टाकून त्या एका अनोळखी काळ्यासावळ्या बाईच्या उशाशी बसून होत्या. त्यांना वगळून माझ्या घशाखाली घास उतरला नसता. मी रोट मोडला, एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, एक शमीमच्या. शमीमने डोक्यावर ओढणी घेतली आणि मगच खाल्ला. त्या बाईंनी सावकाश चावून खाल्ला आणि मांडीवर पडलेले कण बोटाने टिपून तेही तोंडात टाकले. त्यांना तर कुणी काही सांगितलंही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि निघून गेल्या. नंतर यांनी बरीच चौकशी केली, पण त्या कोण हे कळलं नाही.

मला मुलगी झाली. पुढच्या श्रावणात तिला घेऊन धरणगावला आलो. आमच्याकडे रोटांसाठी गहू घेताना घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन एकेक मूठ सुपात टाकतात. अक्का मुठी टाकत होत्या. माझ्या लेकीची मूठ पडली तेव्हा मला राहवलं नाही, मी यॉर्कचं सगळं सांगून टाकलं. परक्यांना रोट दिला हेही सांगितलं. आमचे चुलत सासरे नाना चिडले, घराचा नेम मोडला म्हणाले. मी मान खाली घालून उभी.

अक्कांनी शांतपणे सुपात एक मूठ टाकली. "ही मूठ शमीमनी," अहिराणीत म्हणाल्या. मग दुसरी भरून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अक्का, त्यांचं नाव मला ठाऊक नाही. तर म्हणाल्या, "तुले ठाऊक नही, कानबाईले ठाऊक शे." नाना काहीतरी बोलणार होते, त्यांना म्हणाल्या, "तिनी रोट खादा. मंग ती बाहेरनी कशी?" आणि ती मूठ सुपात सोडली.

त्या दिवशी तिथे काय झालं, कुणी केलं, याचा मी काथ्याकूट करत नाही. माझे नवस संपले तिथे काहीतरी सुरू झालं, एवढंच मला कळतं. तेव्हापासून मी कानबाईकडे मागत नाही. सांगते सगळं, अगदी भांडतेसुद्धा, पण मागत नाही.

अक्का गेल्या, आता गहू मी घेते. गेलेल्या माणसाची मूठ आमच्यात टाकत नाहीत. त्या बाई तेव्हाच सत्तरीच्या होत्या, आता कुठल्या असायला, असं लेक म्हणते. असेलही तिचं खरं. पण त्या गेल्याचा निरोप मला कुणी दिलेला नाही, तेव्हा मी त्यांची मूठ टाकते.