डिशवरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या खारघरच्या ऑफिसात यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, आणि त्या फुलांचा वास आला की मला खाडीकाठची एक गच्ची आठवते. उपग्रहावरून इंटरनेट देणारी आमची कंपनी तेव्हा नुकतीच उभी राहत होती. रेंज धड नसलेल्या त्या गावात, एका कोळी मावशींच्या घरावर आम्ही चाचणीसाठी पहिली डिश फुकट बसवली होती. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर होता. रोज संध्याकाळी मावशी फोनवर त्याचं तोंड बघायच्या. पुढे कंपनीला बंदराची मोठी कामं मिळाली, चाचणीची कनेक्शनं बंद करायचं ठरलं आणि डिश उतरवायला मला पाठवलं. सुकत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत वर गेलो, तर डिशला झेंडूची माळ आणि मधोमध हळदकुंकू. "होडीची करताव, तशी हिची पन पूजा केली आमी," मावशी कौतुकानं म्हणाल्या. मी पाना काढला, तशा त्या हसल्या. "आता मोटी बसवतंस काय रं? बसव, बसव. पोराचा चेरा नीट दिसंल." मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी डिशवरची माळ उतरवून घेतली आणि म्हणाल्या, "चा घेऊनशी जा." आज ती डिश आमच्या रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात आहे. साहेब पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात, "आमची पहिली डिश. बघा, एक डाग नाही." नाहीच. कुंकू मी त्या गच्चीवरच पुसलं होतं, मावशींनीच पुढे केलेल्या फडक्यानं.