टोळधाडवाले दाजी

आमच्या दाजींबरोबर तासभर घालवून ज्याचं डोकं ठिकाणावर राहील, असा माणूस अजून जन्मायचा आहे. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात ते टोळधाडीचं गणित मांडायचे. लाखो टोळ एका दिशेने जातात ते कुणाच्या हुकमावरून नव्हे, प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याकडे बघतो, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तो त्यांनी आमच्यावर लावायला नको होता. न्युरेम्बर्गला माझ्या नव्या घराच्या पूजेला हे गृहस्थ तीर्थप्रसाद सोडून सोफ्यामागे उभे! का, तर एक पाहुणा उठला की पाठोपाठ किती उठतात, ते बघायचं होतं. माझ्या बॉसच्या बायकोला त्यांनी हसतमुखाने सांगितलं, की टोळ पुढे सरकतो तो मागचा चावेल या भीतीने. बाई चटकन दोन पावलं पुढे सरकल्या. "बघितलंस?" दाजी मला म्हणाले.

कळस झाला तो तिकडे ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. जेवणाची रांग सांभाळायचं काम मंडळाने, कुणाच्या सुपीक डोक्यातून कोण जाणे, दाजींना दिलं. दाजींनी रांगच मोडली. "शेजाऱ्याकडे बघा आणि चाला, सगळं आपोआप जमेल," असं माइकवरून सांगून स्वतः जिन्यावर जाऊन बसले. अख्खा हॉल एकमेकांकडे बघत मसालेभाताच्या पातेल्यावर चालून गेला. ताई जिन्याखालून ओरडली, "अहो, माणसं आहेत ती!" "गेनाऊ, अगदी बरोबर!" दाजी वरून आनंदाने म्हणाले, "आणि तरीही बघ!" त्या दिवशी ताईने आणि मी स्टेशनवर ब्रेत्झेलचा खारा पाव खाऊन पोट भरलं.

मग विद्यापीठातलं कंत्राट संपलं. इथे संशोधकांची कंत्राटं अशीच संपतात. दाजी एका विमा कंपनीत लागले. पगार बरा, वेळा ठरलेल्या, ताई निश्चिंत. गेल्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला आले. कोण उठलं, कोण कुणामागे गेलं, दाजींनी मान वर करून पाहिलं नाही. भाचीने जर्मनमध्ये शाळेतली गंमत सांगितली, तर नुसतं जर्मन होकाराचं "या, या." भात कालवत राहिले, खाल्ला मात्र नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं. मला तिचा चेहरा बघवेना. दाजींसमोर विषय बदलण्यात आयुष्य घालवलेला मी, शेवटी स्वतःच विचारून बसलो, "दाजी, सगळे जर शेजाऱ्याकडे बघतात, तर पहिला टोळ कुणाकडे बघतो?"

दाजींचा हात ताटातच थांबला.

"पहिला असा कुणी नसतोच रे," ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

ताई उठली आणि तिने त्यांचं ताट झाकून ठेवलं.